स्टेडियम नक्की कुणाचं? आधी कागद काढा

इंग्लंडमध्ये स्टेडियमवरून फुटबॉल क्लब आणि कौन्सिल (तिथली नगरपालिका) यांचं वाजलं की समर्थक लगेच फलक रंगवायला घेतात. त्याआधी मालकीचे तीन थर सुटे करा: जमीन, भाडेपट्टा आणि स्टेडियम चालवणारी कंपनी. पहिले दोन लँड रजिस्ट्रीच्या (सरकारी जमीन-नोंदणी कार्यालयाच्या) उताऱ्यात सापडतात; कंपनीचे भागधारक कंपनीज हाउसच्या (सरकारी कंपनी-नोंदणी कार्यालयाच्या) नोंदींत फुकट पाहता येतात.

हे का, ते कॉव्हेंट्रीत दिसलं. कॉव्हेंट्री सिटी या फुटबॉल क्लबचं स्टेडियम, रिको अरीना, 2005 मध्ये उघडलं. जमीन कौन्सिलची, पट्टा अरीना कॉव्हेंट्री लिमिटेडचा आणि त्या कंपनीत कौन्सिल व हिग्ज धर्मादाय संस्था निम्म्या-निम्म्या. क्लबने आपला हिस्सा आधीच विकला होता, म्हणून तो वर्षाला सुमारे 13 लाख पौंड भरणारा नुसता भाडेकरू उरला. 2012 मध्ये त्याने भाडं थांबवलं आणि 2013-14 चा हंगाम नॉर्थॅम्प्टनला खेळून काढला. 2014 च्या अखेरीस कंपनीचे शेअर वॉस्प्स या रग्बी क्लबकडे गेले, पट्टाही 250 वर्षांचा झाला.

मग 2011 च्या लोकॅलिझम कायद्याखाली स्टेडियमची ‘समाजोपयोगी मालमत्ता’ म्हणून कौन्सिलकडे नोंद मागा. अर्जाला त्या किंवा शेजारच्या कौन्सिलच्या मतदारयादीतली 21 माणसं पुरतात. निर्णय 8 आठवड्यांत, नोंद 5 वर्षं टिकते. मालकाने विक्रीची सूचना दिली की आम्हालाही बोली लावायची आहे असं 6 आठवड्यांत कौन्सिलला लेखी कळवा, म्हणजे सूचनेपासून 6 महिने विक्री थांबते. इथेच बरेच गट अडकतात: नोंदणी नसलेला गट अर्ज करू शकतो, विक्री थांबवू शकत नाही. तेव्हा समर्थकांची संस्था आधीच रीतसर नोंदवून ठेवा. सहा महिन्यांनंतरही तुम्हालाच विकायचं बंधन मालकावर नाही. आणि हा कायदा जमिनीची विक्री किंवा किमान 25 वर्षांचा पट्टा पकडतो. कंपनीचे शेअर हातोहात गेले तर तो लागूच होत नाही. कॉव्हेंट्रीत विकले गेले ते शेअरच.

कौन्सिल स्वतः विकत असेल तर 1972 च्या स्थानिक शासन कायद्याचं कलम 123 धरा: जमीन मिळू शकेल त्या उत्तम मोबदल्याला विकावी लागते. मूल्यांकन अहवाल माहिती अधिकारात मागा. उत्तराची मुदत कामाचे 20 दिवस. ‘व्यावसायिक हित’ सांगून नकार येईल, फेरविचार मागाच. पण त्या उत्तराची वाट पाहत बसू नका, कारण न्यायालयीन पुनर्विलोकनाचा (कौन्सिलचा निर्णय कायदेशीर आहे का हे न्यायालयाने तपासण्याचा) अर्ज विनाविलंब आणि जास्तीत जास्त 3 महिन्यांत करावा लागतो, तोही विक्रीच्या निर्णयाच्या तारखेपासून.