ताण, शरीर आणि विश्वास : थकलेल्या ख्रिस्ती माणसाने सुरुवात कोठून करावी

ताणाने ग्रासलेल्या ख्रिस्ती माणसाला बहुधा पहिला सल्ला मिळतो तो अधिक प्रार्थना करण्याचा. सल्ला वाईट नसतो. पण ज्याला धड झोप नाही आणि ज्याची अन्नावरची वासना उडाली आहे त्याला तेवढेच सांगितले, तर प्रार्थना जमत नसल्याची टोचणी त्याच्या मागे लागते. म्हणून बायबलातील १ राजे या पुस्तकाच्या अध्याय १९ मध्ये देवाने एलीया संदेष्ट्याला कोणत्या क्रमाने सावरले, ते आधी बारकाईने वाचावे.

कर्मेल डोंगरावर बआलाच्या संदेष्ट्यांशी झालेल्या सामन्याचा मोठा दिवस, तेथून इज्रेलपर्यंतची धाव, पाठोपाठ ईजबेल राणीची जिवे मारण्याची धमकी, आणि चाकराला बैरशेबा येथे ठेवून रानात एकट्याने केलेली दिवसभराची वाटचाल, एवढे सोसून एलीया झुडपाखाली बसला आणि त्याने मरण मागितले. देवदूताने त्याला बोल लावला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी उशाशी ठेवले. तो जेवला, पुन्हा झोपला, आणि पुढची वाट त्याला झेपणारी नव्हती म्हणून त्याला दुसऱ्यांदा उठवून जेवू घातले. ‘तू येथे काय करतोस?’ हा देवाचा प्रश्न पुढे होरेब डोंगराला पोहोचल्यावर आला, म्हणजे ४० दिवसांच्या प्रवासानंतर. आपणही हाच क्रम ठेवावा.

शरीरात घडते ते असे. धोक्याची चाहूल लागताच मेंदूच्या आज्ञेवरून मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींतून अ‍ॅड्रिनलिन स्रवते; थोड्याच वेळात कॉर्टिसॉल हे ताणाचे दुसरे संप्रेरकही वाढते. नाडी जलद होते, रक्तात साखर येते, स्नायू ताठतात, पचन मंदावते. ही व्यवस्था निर्माणकर्त्याने दिलेली आहे आणि संकटात ती जीव वाचवते. फक्त ती महिनोन्‌महिने चालू राहण्यासाठी नाही. ताणाचे संशोधक हान्स सेल्ये यांनी १९३६ साली उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले की इजेचे प्रकार निरनिराळे असले तरी शरीरातील बदल सारखेच दिसतात : अधिवृक्क ग्रंथी वाढतात आणि जठरात व्रण होतात. गेथशेमाने बागेत येशूचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडत होता असे लूक आपल्या शुभवर्तमानात लिहितो (२२:४४). जो निष्पाप, त्याच्याही शरीराने वेदना अशी दाखवली. तेव्हा छातीतली धडधड म्हणजे अविश्वास, असे मानण्याला आधार उरत नाही.

पहिली पायरी म्हणून दिवसातून दोन-तीनदा थांबून शरीराची दखल घ्यावी. जबडा आवळलेला आहे का, खांदे कानांकडे चढले आहेत का, श्वास छातीतच अडतो आहे का, हे पाहावे. मग पाठ टेकून बसावे, एक हात पोटावर ठेवावा, आणि नाकाने श्वास घेताना मनात म्हणावे, ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’. सोडताना म्हणावे, ‘मला काही उणे पडणार नाही’. घेण्यापेक्षा सोडण्याला जास्त वेळ द्यावा. मिनिटाला साधारण सहा श्वास पुरेत. उच्छ्वास लांबला की व्हेगस मज्जातंतूद्वारे हृदयाची गती उतरते. गरगरल्यासारखे वाटले तर श्वास नेहमीसारखा होऊ द्यावा. हे कोणतेही तंत्रमंत्र नव्हे, आणि देवाकडून काही मिळवून घेण्याची युक्तीही नव्हे. शरीराला शांत करून देवापुढे बसणे एवढाच याचा हेतू आहे.

झोपेकडे सर्वाधिक लक्ष द्यावे, कारण मंडळीत सेवा करणारे लोक नेमकी तीच कापतात. प्रौढ माणसाला रात्री किमान सात तास झोप लागते. वादळात येशू होडीच्या मागच्या भागात उशीवर झोपला होता (मार्क ४:३८), हे सेवेत रात्री जागवणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. दुपार उलटल्यावर चहा-कॉफी टाळावी. निजण्यापूर्वी काळज्या कागदावर एकेक करून लिहाव्यात, प्रत्येकीपुढे देवाकडे नेमके काय मागायचे ते लिहावे, आणि फिलिप्पैकरांस पत्र ४:६ मध्ये सांगितल्याप्रमाणे उपकारस्तुतीची एक ओळ जोडावी. मग कागद खोलीबाहेर ठेवावा. आठवड्यातला एक दिवस कामातून खरोखर मोकळा ठेवावा. बैठकांनी भरलेला रविवार त्यात मोजू नये.

एकांत आणि एकटेपणा यांत गल्लत करू नये. ज्याच्यासमोर बोलताना शब्द तोलावे लागत नाहीत, अशा एका विश्वासू माणसाशी दर आठवड्याला बोलावे. मरणाचे विचार येत असतील तर त्याच दिवशी घरच्यांना आणि डॉक्टरांना सांगावे; अशा माणसाला कोणी एकटे सोडू नये.

छातीत दुखणे, धाप लागणे, अंगाची एक बाजू बधिर होणे यांना ताण समजून घरी बसू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे. उदासी किंवा निद्रानाश दोन आठवड्यांहून अधिक टिकला तर वैद्यकीय तपासणी करून घ्यावी, कारण थायरॉइडचा बिघाड किंवा रक्तक्षय यांचीही लक्षणे अशीच दिसतात. लूक स्वतः वैद्य होता, त्यामुळे औषध घेण्यात संकोच नसावा. प्रार्थनेनंतर बरे वाटू लागले तरी चालू गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. मात्रा कमी करायची की नाही, हे डॉक्टरांनाच ठरवू द्यावे.