पन्हाळ्यावर घर बांधताय? जेसीबी बोलवायच्या आधी एवढं बघा

पन्हाळा म्हणजे नुसता बघायचा गड नाही, आत नगरपरिषद आहे, हॉटेलं आहेत, नांदती वस्ती आहे, त्यामुळे दर उन्हाळ्यात कोणीतरी विचारतंच की आमच्या प्लॉटखाली काही असेल का हो? अहो असणारच. शिलाहार राजा भोज, आदिलशाही, मराठे, इंग्रज सगळे याच पठारावर राहून गेलेत. खरं बघायचं ते हे, की त्यातलं तुमच्या जागेत शिल्लक किती राहिलंय.

आधी अंतर. केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून 100 मीटर प्रतिबंधित, त्यापुढे अजून 200 मीटर विनियमित, म्हणजे परवानगी काढूनच बांधायचं. पहिल्या पट्ट्यात नवीन बांधकाम होत नाही, 16 जून 1992 च्या आधीचं घर असेल तर दुरुस्ती होते, तीही परवानगी काढूनच. आणि हे अंतर बुरुजापासून नाही, संरक्षित हद्दीपासून धरतात, लोक नेमके इथेच फसतात.

मग कागद. सिटी सर्व्हेचा नकाशा आणि प्रॉपर्टी कार्ड तर काढाच, पण जुन्या खरेदीखतातल्या चतुःसीमा नीट वाचा, पूर्वेस पागा, दक्षिणेस बुजलेली विहीर असलं काही लिहिलेलं असेल तर ते सोन्यासारखं. 1886 च्या कोल्हापूर गॅझेटियरमध्ये गडाचं दरवाजा-दरवाजानं वर्णन आहे तेही बघा. चार दरवाजा नावाचा दरवाजा घ्या, 1844 च्या गडकऱ्यांच्या, म्हणजे गड राखणाऱ्यांच्या, उठावात इंग्रजांनी तो पाडला, पण वरचं पाडलं म्हणून पाया कोणी उपटून नेत नाही ना. शिवाय अंधारबाव आहेच, बाहेरनं साधी इमारत आणि खाली मजले आणि विहीर. या गडावर वरून दिसत नाही म्हणून काही नाही असं धरूच नका.

त्यानंतर जागेवर फिरा. फेब्रुवारी-मार्चमध्ये गवत वाळल्यावर जोत्याच्या रेषा दिसतात आणि जूनच्या पहिल्या दोन-चार पावसांनंतर माती धुपून खापरं, कौलांचे तुकडे, नशीब असेल तर एखादी शिवराई (जुनं तांब्याचं नाणं) वर येते. उचलू नका, जागच्या जागी फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून.

माझा सगळ्यात आवडता प्रकार म्हणजे शेजाऱ्याचा चर. गटारीचा, पाइपलाइनचा, कसलाही. चराच्या काठाशी बसा आणि त्याची कड खुरप्यानं हलकी खरवडा नाहीतर फडक्यानं पुसून घ्या (विचारून हां). वरती प्लास्टिक आणि सिमेंटचे गोळे असलेला भराव, त्याखाली कधी काळपट राखेची माती आणि त्यात खापरं, कधी बोटभर पांढरा चुन्याचा पट्टा, सरळ आडवा गेलेला. असा सरळ पट्टा म्हणजे बहुतेक कोणाची तरी जमीन, घराची जमीन. त्याखाली लाल जांभा लागला आणि तो हात न लागलेला असला की तिथे माणसाच्या खुणा संपल्या. राखेचा-चुन्याचा हा जुना थर किती खोलीवर आहे ते लिहून ठेवा, पुढचं सगळं गणित त्यावरच आहे.

आता प्लॉटचा नकाशा घ्या आणि आधीच खणून वाट लागलेली जागा रंगवा, जुना पाया, शोषखड्डा, बोअर, केबल. तिथे जुनं काही उरलं असायची शक्यता कमी, म्हणून नवीन पाया शक्यतो तिथेच बसवा. न रंगलेला कोपरा, विशेषतः मोठ्या झाडाखालचा, तो जपा. आणि सेप्टिक टँक विसरू नका, घराचा पाया परवडला पण हा खड्डा सगळ्यात खोल जातो आणि तो कुठे घ्यायचा ते मिस्त्री ऐनवेळी ठरवतो.

जमिनीत बघणारं रडार आणायचं म्हणत असाल तर पावसाळ्यात नको, ओल्या चिकट मातीत ते फार खोल बघत नाही. मॅग्नेटिक सर्व्हेलाही (जमिनीतलं चुंबकत्व मोजून बघतात तो) जांभ्यातलं लोखंड त्रास देतं.

शेवटी चाचणी खड्डा. हा स्वतः मारायचा नाही, पुरातत्त्वासाठी उत्खनन करायला लायसन्स लागतं, ते काम पुरातत्त्ववाल्यांकडूनच करून घ्या. तोवर बांधकामाचं टेंडर काढू नका.

कामात काही सापडलंच तर मशीन तिथेच बंद, वस्तू धुवायची नाही, घरी न्यायची नाही. पुरलेलं धन 10 रुपयांपेक्षा जास्त किमतीचं असलं तरी 1878 च्या कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. जेसीबीवाल्याला हे आदल्या दिवशीच सांगा, आणि थांबलेल्या तासांचं भाडं मिळेल हेही सांगा, नाहीतर तो बकेट उलटी करून मोकळा होईल.