अधूनमधून बंद पडणारा प्रोग्रॅम : या चुका टाळा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे आटोपून शेतकऱ्यांच्या पट्ट्या म्हणजे विक्रीचे हिशेब करण्याची घाई चाललेली असते आणि नेमक्या त्याच वेळी अडत दुकानातील प्रोग्रॅम आपोआप बंद होतो. दोन दिवस सुरळीत चालतो, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच घडते. अशा वेळी बहुतेक जण थेट विंडोज फॉरमॅट करून घेतात. ही सर्वांत मोठी चूक होय, कारण बिघाडाची नोंद त्याबरोबर पुसली जाते आणि बॅकअप घेतलेला नसेल, तर पट्ट्यांचा डेटाही जातो.

प्रथम डेटाची प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी आणि मग विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे संगणकातील घडामोडींच्या नोंदी दाखवणारा प्रोग्रॅम, उघडावा. त्यातील ॲप्लिकेशन विभागात प्रोग्रॅम बंद पडल्याची नोंद १००० या क्रमांकाखाली सापडते. तीत वेळ आणि ‘फॉल्टिंग मॉड्यूल’ म्हणजे ज्या फाइलमध्ये चूक घडली तिचे नाव असते. प्रत्येक वेळी तेच नाव येत असेल, तर दोष बहुधा प्रोग्रॅममध्ये किंवा प्रिंटरसारखे उपकरण चालवणाऱ्या एखाद्या ड्रायव्हरमध्ये असतो. नावे दर वेळी बदलत असतील आणि ब्राउझरसारखे इतर प्रोग्रॅमही मध्येच बंद पडत असतील, तर संशय रॅमवर, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीवर, घ्यावा.

गेल्या हंगामात मी पाहिलेल्या एका दुकानात प्रोग्रॅम तीन वेळा नव्याने टाकून झाला होता. नोंदींत मात्र दर वेळी निराळी फाइल दिसत होती. मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालवल्यावर चुका दिसल्या. दोन्ही रॅम एकेक करून तपासल्या, तेव्हा त्यांतील एक सदोष निघाली. या चाचणीत एक चूक आली तरी ती क्षुल्लक मानू नये. त्याच कॅबिनेटमध्ये प्रोसेसरच्या पंख्यावर हळदीच्या धुळीचा पिवळा थर बसला होता. तोही आम्ही साफ केला, पण रॅम बदलून काही दिवस गेल्यावरच, कारण दोन्ही कामे एकदम केली असती, तर गुण कशाने आला हे कळले नसते.

नवा अँटिव्हायरस, नवा ड्रायव्हर आणि नवी रॅम एकाच दिवशी बसवणे ही म्हणूनच चूक ठरते. शिवाय आठवड्यातून एकदा बंद पडणारा प्रोग्रॅम दोन दिवस नीट चालला म्हणून दुरुस्त झाला असे समजू नये. निदान तीन आठवडे इव्हेंट व्ह्यूअर रोज पाहावा.