सोसायटीत राहताय? पाण्यावरून होणाऱ्या या चुका टाळा

जुळे सोलापूर घ्या नाहीतर होटगी रोड, सोसायटीतलं कुठलंही भांडण शेवटी पाण्यावरच येतं. उजनी धरण आपल्याच जिल्ह्यात, तरी नळाला पाणी काही दिवसांच्या गॅपनं, मग माणसं चिडणारच की.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे टँकरचा हिशेब उघडा न ठेवणं. उन्हाळ्यात पारा 42-43 वर गेला, बोअर आटलं की टँकर मागवावे लागतात आणि महिन्याअखेरीस एकदम जास्तीचं बिल हातात पडलं की सगळ्यांना वाटतं कमिटीनंच पैसे खाल्ले. टँकर आला की वॉचमनच्या वहीत तारीख, वेळ, लिटर लिहा, एका मेंबरची सही घ्या आणि त्या पानाचा फोटो त्याच दिवशी ग्रुपवर टाका. एवढं केलं तरी निम्मा संशय जातो. मोटर कधी चालू होणार तेही जिन्यात लिहून लावा, वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या माणसांनी बादल्या का चढवायच्या?

दुसरी चूक वाटणीची. "माझा फ्लॅट लहान, मी मेंटेनन्स कमी देणार" असं बरेचजण म्हणतात, पण सहकारी सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे (म्हणजे सोसायटी चालवायच्या नमुना नियमांप्रमाणे) वॉचमन, सफाई, ऑफिस असला सेवा खर्च सगळ्या फ्लॅटना सारखाच, लिफ्टचाही सारखा, तळमजल्यावाल्यालासुद्धा. पाणीपट्टी मात्र घरातल्या नळांच्या संख्येवर आणि साइजवर. तुमची इमारत 1970 च्या अपार्टमेंट कायद्याखाली असेल तर हिशेब वेगळा, म्हणून वाद घालण्याआधी रजिस्ट्रेशनचा कागद बघा.

आता जी चूक मला अजिबात पटत नाही ती, थकबाकीदाराचं पाणी बंद करणं. घरात लेकरं असतात, आजारी माणूस असतो. कमिटीला हा अधिकार नाहीच, उलट तक्रार झाली तर पदाधिकारीच अडकतात. लेखी नोटीस द्या, हप्ते पाडून द्या, तरी नाही ऐकलं तर सहकार कायद्याच्या कलम 154ब-29 खाली सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे वसुली दाखल्यासाठी, म्हणजे थकबाकी वसूल करायच्या सरकारी आदेशासाठी, अर्ज करा. वेळ लागतो, पण रस्ता हाच आहे.

गळतीचं थोडक्यात सांगतो. गच्चीतून किंवा बाहेरच्या पाइपमधून गळत असेल तर खर्च सोसायटीचा, वरच्याच्या बाथरूम-संडास-सिंकमधून गळत असेल तर त्या मेंबरचा. आधी प्लंबर बोलवून गळती कुठून आहे ते दोघांसमोर बघून घ्या, मग बोला. उगाच वरच्या काकूंशी वर्षभर अबोला कशाला.

आणि नोटीस नुसती बोर्डावर चिकटवून गप्प बसू नका. आपल्याकडे एकाच जिन्यात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणारी घरं असतात, एखाद्या आजींना मराठी नोटीस नीट वाचता येत नसेल तर शेजारच्यानं दारात जाऊन त्यांच्या भाषेत सांगावं, मग बघा मीटिंगला किती माणसं येतात.

वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, पाणी आणि टँकरचे दर त्यातच ठरवा. ठराव इतिवृत्तात लिहिला का ते सगळ्यांसमोर वाचून घ्या, कारण "तेव्हा ठरलं होतं की" असं म्हणून पुढच्या मे महिन्यात कुणी पैसे देत नाही.