सांगली-मिरज फुकटात बघताय? मग या चुका टाळा

सांगलीच्या गणपतीला तिकीट नाही, मिरजेच्या दर्ग्याला नाही, हरिपूरच्या संगमाला नाही. तंतुवाद्यांच्या गल्लीला तर गेटच नाही. चहा-नाश्ता आणि बसभाडं एवढ्यात अख्खा दिवस निघतो. तरी दर सुट्टीत कुणीतरी पाहुणा संध्याकाळी दमून येतो आणि "तुमच्याकडं बघण्यासारखं काही नाहीच" म्हणून मोकळा होतो. बहुतेकांच्या चुका त्याच त्या असतात.

सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते सतारमेकर गल्लीत. गेल्या काही वर्षांत मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून रीलवाल्यांना हा पत्ता सापडलाय. ही दुकानं म्हणजे कामाच्या जागा. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले भोपळे ओळीनं टांगलेले असतात, खाली लाकडाचा भुसा, आणि कोपऱ्यात कुणीतरी मान खाली घालून बसलेलं. तो माणूस रिकामा बसलाय असं वाटतं. तो जवारी काढत असतो, म्हणजे तार घुमावी म्हणून वाद्याची घोडी घासत असतो.

माझा पुण्याचा मावसभाऊ मित्रांना घेऊन आला होता. मीच त्यांना एका ओळखीच्या दुकानात नेलं. कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, कानस फिरवत होते. दोन हात मारायचे, तार छेडायची, कान द्यायचा, सुताचा धागा केसभर सरकवायचा, पुन्हा छेडायची. घोडीचा उतार नेमका जमला की तार नुसती वाजत नाही, घुमते. एक हात जास्त पडला तर घासलेलं परत येत नाही, सगळा माथा पुन्हा सपाट करून पहिल्यापासून सुरुवात. एवढं मी सांगेपर्यंत एकानं मोबाईलवर गाणं लावलं, कारण त्याला व्हिडिओला "म्युझिक" पाहिजे होतं. दुसऱ्यानं भिंतीला टेकवलेली सतार उचलून गिटारीसारखी मांडीवर घेतली. कारागिरांनी कानस खाली ठेवली आणि म्हणाले, "चहा घ्या तुम्ही, माझं आज काही होत नाही." चहाचे पैसेही त्यांनीच दिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेव्हापासून माझा नियम: दोघांपेक्षा जास्त माणसं न्यायची नाहीत, मोबाईल खिशात, आणि आधी विचारायचं, "बसू का जरा?" हातातलं काम संपलं की कारागीर आपणहून बोलायला लागतात, तुणाचंच लाकूड कशाला, भोपळा कसा वाळवतात, सगळं सांगतात. वाट बघायला अर्धा तास लागेल. तेवढा वेळ नसेल तर गल्लीत जाऊच नका, बाहेरून पाटी वाचा आणि पुढं चला.

दुसरी चूक तारखेची. "मिरजेच्या दर्ग्याच्या उरुसातलं गाणं मागच्या वर्षी अमुक तारखेला होतं, म्हणून यंदा तिकीट काढलं," असं सांगणारे भेटतात. उरूस हिजरी पंचांगानं चालतो, दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं सरकतो. मागच्या वर्षीची तारीख धरून आलात तर मोकळं मैदान बघायचं. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब 1937 साली गेले, त्यांची कबर ख्वाजा शमना मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात आहे, आणि उरुसातली ही मैफल त्यांच्या आठवणीची. इथं गाणं म्हणजे हजेरी लावणं. तिकीट नाही म्हणून लोक वीस मिनिटं बसतात, आलाप चालू असतानाच चपला शोधायला उठतात आणि पुढच्या चार जणांना तुडवत जातात. जायचंच असेल तर मागं, कडेला बसा. नाहीतर रात्र काढायच्या तयारीनं या, शाल बरोबर ठेवा. उरूस हुकला तर मिरजेच्या अंबाबाईच्या देवळात नवरात्रात गाणं असतं. तेही फुकट, आणि त्याची तिथी कुठल्याही कॅलेंडरवर सापडते.

सांगली आणि मिरज एकाच महापालिकेत आहेत म्हणून एकच गाव समजू नका. मध्ये दहाएक किलोमीटर आहेत. स्टेशनबाहेर स्पेशल रिक्षा करून वाचवलेले पैसे पहिल्या तासात घालवू नका, सिटी बस आहे, वडाप म्हणजे शेअर गाडी आहे.

गणपती मंदिर भर दुपारी गाठू नका. 1844 मध्ये पुरं झालेलं काळ्या दगडाचं देऊळ आहे, उन्हाळ्यात अनवाणी उभं राहून बघा म्हणजे कळेल. सकाळी सातला जा.

पावसाळ्यात घाटावर उतरायची हौस असते काहींना. सांगलीत ऊन पडलंय म्हणून कृष्णा शांत असेल असं नाही, पाणी वरून, कोयना धरणातून येतं. आम्ही आभाळाकडं कमी आणि सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेच्या पातळीकडं जास्त बघतो: 40 फूट इशारा, 45 फूट धोका. त्या दिवसांत आधी हा आकडा विचारा, मग संगमाचं ठरवा.

हरिपुरात लोक कृष्णा-वारणेच्या संगमावर सेल्फी काढून दहा मिनिटांत माघारी फिरतात. संगमेश्वराच्या देवळात बसा की जरा. नाटककार गोविंद बल्लाळ देवल याच गावचे. आणि एखाद्या म्हाताऱ्या माणसाला हळदीच्या पेवांबद्दल विचारा. जमिनीखाली खोल खणलेली कोठारं, वर्षानुवर्षं हळद ठेवली तरी कीड नाही. 2005 च्या महापुरात पाणी शिरून कितीतरी पेवं गेली. ज्यांची गेली त्यांच्या तोंडून ऐकण्यासारखी ती गोष्ट आहे, पण त्याला "काका, जरा सांगता का" म्हणून कट्ट्यावर टेकावं लागतं.

आणि एका दिवसात सांगली, मिरज, हरिपूर, नरसोबाची वाडी, वर औदुंबर असली यादी घेऊन येणाऱ्यांना मी हल्ली सल्ला देतच नाही. बसस्टँडवर भडंग कुठं चांगलं मिळतं तेवढं सांगतो.