भरतकामाच्या मशीनवर या चुका टाळा: टेन्शनचा स्क्रू सगळ्यात शेवटी

कापडाखाली दोऱ्याचा गुंता दिसला की नवीन शिकणारा पहिल्यांदा बॉबिन केसचा, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या डबीचा, टेन्शनचा स्क्रू पिळतो. गुंता खाली आहे म्हणजे दोष खालचाच, असं त्याला वाटतं. बहुतेक वेळा दोष वरच्या दोऱ्याचा असतो. प्रेसर फूट (कापड दाबून धरणारा पाय) खाली असताना दोरा ओवला तर टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याला ताण देणाऱ्या, चकत्या मिटलेल्या असतात. दोरा त्यांच्यामध्ये न बसता वरून निघून जातो. मग त्याला ताण मिळत नाही आणि खाली फासेच फासे. फूट वर करून दोरा पुन्हा ओवा, फूट खाली घेऊन ओढून पाहा. हाताला अडखळ लागली पाहिजे.

नंतर सुई. ४० नंबरच्या दोऱ्याला ७५/११ जाडीची सुई साधारण चालते. जरीला मोठ्या नेढ्याची, ९०/१४ ची घ्या आणि वेग कमी करा, नाहीतर जरीचा दोरा सोलला जातो. सुई मोडेपर्यंत चालवणं ही काटकसर नव्हे. बोथट सुईचा 'टक टक' आवाज एकदा ओळखता आला की निम्मी दुरुस्ती आली.

सगळ्यात जास्त कापड मात्र ते पकडणाऱ्या फ्रेममध्ये वाया जातं. माझ्या एका विद्यार्थिनीने टी-शर्ट ढोलकीसारखा ताणून फ्रेम केला आणि त्यावर गोल लोगो भरला. मशीनवर सुरेख दिसला. फ्रेम काढली, कापड आपल्या जागी गेलं आणि लोगोभोवती सूर्याच्या किरणांसारख्या चुण्या पडल्या. त्या इस्त्रीने जात नाहीत. ताण बॅकिंगला (कापडाखालच्या आधाराच्या अस्तराला) द्यायचा, कापड नुसतं सपाट बसवायचं, आणि फ्रेम आवळल्यावर कडा ओढायच्या नाहीत. ताणल्या जाणाऱ्या कापडाला कापून काढायचं बॅकिंगच लावा. फाडून काढायचं घट्ट विणीच्या कापडाला. टॉवेलवर वरून पाण्यात विरघळणारी फिल्म ठेवा, नाहीतर टाके लवेत बुडतात. बॅकिंग फ्रेमच्या चारही बाजूंनी पकडलं गेलेलं हवं. खाली नुसता तुकडा सरकवणं म्हणजे मनाचं समाधान.

पंचिंग झालेली, म्हणजे डिझाइनचे टाके ठरवून तयार केलेली, टाक्यांची फाइल मशीनवरच मोठी-लहान करू नका. बऱ्याच मशीनवर टाक्यांची संख्या तेवढीच राहते: मोठी केली की फटी, लहान केली की दाट थर आणि मोडलेली सुई. मापात खूप फरक असेल तर पुन्हा पंच करा.

एवढं करूनही बिघाड राहिला तर बॉबिन केसवरच्या दोरा दाबणाऱ्या पट्टीखाली जाड कागदाचा कोपरा फिरवा. ताण बिघडवायला तिथे अडकलेला लवेचा एक कण पुरेसा असतो. मग सॅटिन टाक्याची (शेजारी-शेजारी दाट आडव्या टाक्यांची) एक पट्टी भरून कापड उलटं करा: मधल्या साधारण एक तृतीयांश भागात बॉबिनचा दोरा दिसला तर टेन्शन बरोबर. नसेल तर स्क्रूची मूळ जागा पेनने खुणेसाठी आखून ठेवा आणि पाव फेऱ्यापेक्षाही कमी फिरवा.