ओपन सोर्स प्रोजेक्ट अपाचीत नेताय? मग या चुका टाळा

प्रोजेक्ट अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनमध्ये (ओपन सोर्स प्रोजेक्ट सांभाळणारी संस्था) गेला की आपलं काही चालणार नाही असं म्हणणारे एकीकडे, आणि कोड आमचा, फाउंडेशनचा काय संबंध म्हणणारे दुसरीकडे, दोघंही चुकतात. अपाचीत कुठलं फीचर आधी करायचं, डिझाइन कसं, कमिटर (थेट कोड टाकायचा हक्क असलेला) कोणाला करायचं हे सगळं प्रोजेक्टची पीएमसी, म्हणजे व्यवस्थापन समिती ठरवते, फाउंडेशनचं बोर्ड त्यात सहसा नाक खुपसत नाही. पण नाव, लायसन्स आणि रिलीज या तीन गोष्टींत नियम फाउंडेशनचेच, तिथे "आमची पद्धत वेगळी आहे" चालत नाही.

नावापासून सुरू करू, कारण सगळ्यात मोठी भांडणं तिथेच होतात. एप्रिल २०२५ मधलं नॅट्स या मेसेजिंग सॉफ्टवेअरचं प्रकरण बघा (हे लिनक्स फाउंडेशनच्या सीएनसीएफ या संस्थेचं, अपाचीचं नाही). प्रोजेक्ट २०१८ पासून सीएनसीएफमध्ये, पण ट्रेडमार्कचं रजिस्ट्रेशन तो देणाऱ्या सिनाडिया कंपनीकडेच राहिलेलं, म्हणजे घर देऊन टाकलं आणि सातबारा आपल्याच नावावर. मग कंपनीला लायसन्स बदलून बीयूएसएलवर (वापरावर बंधनं घालणारं, ओपन सोर्स नसलेलं लायसन्स) जायचं होतं, त्यांनी प्रोजेक्टच परत मागितला आणि जाहीर जुंपली. १ मे ला मिटलं, ट्रेडमार्क लिनक्स फाउंडेशनकडे आणि सर्व्हर अपाची लायसन्सवरच. तेव्हा नाव, डोमेन, लोगो यांचे कागद आत शिरतानाच पूर्ण करा, नंतर बघू म्हणालात की सात वर्षांनी वकील बघतात.

दुसरी चूक, गिटहबवर रेपो (कोडचं भांडार) ट्रान्सफर केली की झालं असं समजणं. जुन्या कोडसाठी सॉफ्टवेअर ग्रँट (कोड देत असल्याचा करार) लागतं आणि प्रत्येक कमिटरचा आयसीएलए, म्हणजे वैयक्तिक करार. त्यावर सही केली की कॉपीराइट जातो ही भीती उगाच आहे, तो तुमचाच राहतो, फाउंडेशनला फक्त लायसन्स मिळतं. खरी अडचण वेगळीच, की कोड तुमचा आहे का? आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचा पहिला मालक एम्प्लॉयर असतो, वेगळा करार नसेल तर. त्यामुळे हिंजवडीत बसून ऑफिसच्या कामात कमिट मारत असाल तर आधी कंपनीची लेखी परवानगी घ्या, कंपनी सीसीएलए (कंपनीच्या नावाचा तसाच करार) देत असेल तर उत्तम, पण तरी तुमचा स्वतःचा आयसीएलए लागतोच. आणि जुना काँट्रिब्युटर सापडतच नसेल, लायसन्सचाही पत्ता नसेल, तर तेवढा कोड नव्याने लिहा, जास्त डोकं लावू नका.

डिपेंडन्सीत, म्हणजे आपला कोड ज्या दुसऱ्यांच्या लायब्ररींवर चालतो त्यांत, लोक फार अडकतात. त्यांच्या लायसन्सची अपाचीत ए (चालतं), बी (अटींवर चालतं), एक्स (चालत नाही) अशी वर्गवारी आहे, जीपीएल, एलजीपीएल एक्समध्ये, म्हणजे सोबत द्यायचं नाही. जेसनच्या (JSON, डेटा लिहायचा फॉरमॅट) लायब्ररीचं जुनं लायसन्स, ज्यात सॉफ्टवेअर चांगल्यासाठी वापरा, वाईटासाठी नको अशी ओळ आहे, तेही २०१६ मध्ये एक्समध्ये गेलं. वाचायला छान वाटतं, पण चांगलं-वाईट ठरवणार कोण? २०१७ मध्ये फेसबुकच्या लायसन्समधल्या पेटंट कलमावर अशीच बंदी आली आणि त्याच वर्षी त्यांची रिअॅक्ट लायब्ररी साध्या एमआयटी लायसन्सवर आली. "रॅट चालवलं, सगळं हिरवं आलं" यावर निर्धास्त राहू नका, रॅट हे अपाचीचं तपासणी टूल मुख्यतः फाइलच्या डोक्यावरचा लायसन्स हेडर बघतो, डिपेंडन्सीची डिपेंडन्सी त्याला दिसत नाही, त्यासाठी मेव्हन या बिल्ड टूलमधून डिपेंडन्सींचं पूर्ण ट्री काढून बघा.

रिलीजला मतदानात किमान तीन बाइंडिंग +१ (पीएमसी सदस्यांची होकाराची, मोजली जाणारी मतं) लागतात आणि -१ (नकार) पेक्षा +१ जास्त हवेत, इथे व्हेटो (एका मताने अडवणं) नसतो, तो कोडमधल्या बदलावर, तोही तांत्रिक कारण देऊन. सोर्स पॅकेजमध्ये कंपाइल केलेली जार फाइल राहिली म्हणून मतदान पुन्हा घ्यावं लागतं, हे इन्क्युबेटरमध्ये (नवे प्रोजेक्ट जिथे तयार होतात) नेहमीचंच. नवीन पॉडलिंग (इन्क्युबेटरमधला प्रोजेक्ट) असाल आणि एखादा लायसन्सचा घोळ लगेच सुटणार नसेल तर लपवू नका, डिस्क्लेमर-डब्ल्यूआयपी फाइल त्यासाठीच आहे, घोळ तिच्यात लिहा आणि रिलीज मतदानाला टाका.